शनिवारवाड्यात भूत आहे. मग चाकणच्या किल्ल्यात का नाही?

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की मोशीतल्या गृहसंकुलांच्या फाटकांवर कागदी वटवाघळे टांगलेली दिसू लागतात. प्लॅस्टिकचे नारिंगी भोपळे तर दिवाळीच्या आकाशकंदिलांशेजारीच विकायला असतात. याच आठवड्यात तरुणांच्या व्हॉट्सॲप गटांवर ‘पुण्याजवळची झपाटलेली ठिकाणे’ अशी एक यादी फिरते आणि तिच्यात पहिले नाव ठरलेले असते, शनिवारवाडा. मोशीहून भोसरी, खडकी, शिवाजीनगर असे साधारण वीस किलोमीटर दक्षिणेला गेले की वाडा येतो. दुचाक्या त्या दिशेने निघतात.

त्याच पुणे-नाशिक रस्त्याने उलट, उत्तरेकडे वळून इंद्रायणी ओलांडली की दहा-बारा किलोमीटरवर चाकण आहे. चाकणच्या भुईकोटाचे, म्हणजे संग्रामदुर्गाचे, नाव त्या यादीत सहसा नसते. मृत्यूंची संख्या हीच झपाटले जाण्याची कसोटी असती, तर चाकणपुढे शनिवारवाडा कोठेच उभा राहिला नसता. आजचा धागा या विसंगतीविषयी आहे.

प्रथम हॅलोविनविषयी थोडक्यात. आयर्लंड आणि आसपासच्या प्रदेशात सुगी संपून हिवाळा सुरू होताना ‘साविन’ नावाचा सण असे. त्या संधिकाळात मृतांचा वावर वाढतो अशी समजूत होती. पुढे ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरला आणि त्याच्या आदल्या रात्रीला हे नाव मिळाले. आयरिश लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा अधिक सोयीचा वाटला. मोशीत जो भोपळा दिसतो तो हा असा दोनदा स्थलांतरित झालेला आहे, आणि स्थलांतरितांच्याच वस्तीत तो आला आहे, हे तसे शोभूनच दिसते.

मराठी मुलखाला मृतांचे दिवस उसने घेण्याची गरज मात्र नव्हती. भाद्रपदाचा कृष्णपक्ष हा पितरांचा पंधरवडा. सर्वपित्री अमावास्येला ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांनाही घास मिळतो. भुतांचे येथील वर्गीकरण तर एखाद्या दफ्तरासारखे काटेकोर आहे. मुंज झाली पण लग्नाआधी मेला तो मुंजा, त्याचे ठिकाण पिंपळ. बाळंतपणात गेलेली स्त्री हडळ होते. पाण्यात ओढतो तो गिऱ्हा, रानात वाट चुकवतो तो चकवा. ज्ञानाचा किंवा धनाचा लोभ न सुटलेला ब्राह्मण ब्रह्मसमंध होतो, मुसलमानाचे भूत म्हणजे खवीस, आणि या सगळ्यांचा राजा वेताळ. आर. ई. एन्थोवेन यांनी १९२४ साली मुंबई इलाख्याच्या लोकसमजुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात अशा कितीतरी समजुती नोंदवलेल्या आहेत. ही यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. येथे भूत होते ते बहुधा दुष्टपणामुळे नव्हे, काहीतरी राहून गेल्यामुळे. कोणाचे लग्न राहिले, कोणाचे मूल पाहायचे राहिले, कोणाचे शेवटचे पाणी राहिले.

या हिशेबाने नारायणराव पेशव्यांचे भूत व्हायलाच हवे होते. थोरल्या माधवरावांचे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे निधन झाले आणि सतरा वर्षांच्या धाकट्या भावाकडे पेशवाई आली. चुलते रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत होते. गारद्यांचा पगार थकला होता. ‘गारद’ या शब्दाच्या मुळाशी युरोपीय ‘गार्ड’ आहे. पहाऱ्याचे आणि कवायतीचे हे भाडोत्री शिपाई वाड्याच्या दारांवरच तैनात होते. ज्यांच्या हातात दारे, त्यांचाच पगार थकलेला. या एका वाक्यात पुढच्या अनर्थाचे अर्धे कारण आहे, पण भुताच्या कथेत ते कधी येत नाही.

३० ऑगस्ट १७७३, सोमवार, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. वाड्यात गणेशोत्सव चालू होता. कटाची कुणकुण नारायणरावांच्या कानी आली होती. त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करण्यास सांगितले, पण हरिपंत आधी जेवायला गेले, असे सांगितले जाते. दुपारी सुमेरसिंग, महंमद इसफ, खरगसिंग यांच्या पुढारपणाखाली गारदी आत घुसले. नारायणराव धावत चुलत्यांच्या दालनात गेले आणि त्यांना मिठी मारून प्राणांची भीक मागू लागले. चापाजी टिळेकर हा सेवक त्यांना वाचवण्यासाठी अंगावर आडवा पडला. दोघेही तेथेच कापले गेले. नारायणरावांना अठरावे वर्ष पूर्ण होऊन तीन आठवडे होत होते. हा धागा वाचणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्यांच्याहून वयाने मोठे असतील.

आता दंतकथेकडे यावे. दंतकथा म्हणते, पौर्णिमेच्या रात्री वाड्यातून ‘काका, मला वाचवा’ अशी किंकाळी ऐकू येते. (काही जण अमावास्या सांगतात. भुताच्या साक्षीदारांचे तिथीवर एकमत होत नाही.) प्रत्यक्षातली ती वेळ भरदुपारची होती. तिथी त्रयोदशी, चंद्र अजून भरायचा होता. ज्या दालनात खून झाला ते दालनही आज नाही. वाड्यात आग अनेकदा लागली, पण २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेली आग आठवडाभर धुमसत राहिली आणि तिने लाकडी मजले गिळून टाकले. आज दिसतात ते तट, दरवाजे, कारंजी आणि जोत्यांचे दगड. जोत्यांवर हिरवळ आहे, हिरवळीवर सहलीची शाळकरी मुले डबे उघडून बसलेली असतात.

रात्री वाडा बंद असतो तो भुतामुळे, असेही ठामपणे सांगितले जाते. १९१९ साली तो संरक्षित स्मारक झाला, आणि संरक्षित स्मारकांना संध्याकाळी कुलूप लागते, इतकीच ती गोष्ट. राजस्थानातील भानगडचीही हीच गंमत आहे. सूर्यास्तानंतर प्रवेशबंदीची पुरातत्त्व खात्याची पाटी तेथे आहे आणि तीच पाटी ‘सरकारही मान्य करते’ याचा पुरावा म्हणून आंतरजालावर फिरते. पाटीवर भुताचे नाव नाही.

शनिवारवाड्याच्या कथेतला सर्वांत लाडका तपशील म्हणजे ‘ध’चा ‘मा’. रघुनाथरावांनी ‘नारायणरावास धरावे’ असे लिहून दिले आणि आनंदीबाईंनी एक अक्षर बदलून ‘मारावे’ केले, ही ती कथा. तो मूळ कागद इतिहासकारांसमोर आलेला नाही. धरण्याचा कट मारण्यावर कसा गेला हा प्रश्न खरा आहे, पण त्याचे उत्तर एका स्त्रीच्या बोरूच्या फटकाऱ्यात शोधणे फार सोयीचे ठरले. अक्षर बदलणाऱ्या बाईवर सगळे ढकलले की पगार थकवणारे, पहारे फितवणारे, ऐकूनही जेवायला जाणारे असे सगळे पुरुष सुटतात.

रामशास्त्री प्रभुणे यांनी मात्र कोणाला सोडले नाही. त्यांनी चौकशी केली आणि सुमारे पन्नास जणांवर दोष ठेवला. खुद्द रघुनाथरावांना त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले, ही हकीकत खाडिलकरांच्या १९०९ च्या ‘भाऊबंदकी’ नाटकाने घराघरांत नेली. महंमद इसफ पुढे पकडला गेला आणि मारला गेला. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि १७८३ साली कोपरगावी वारले. म्हणजे ज्याच्या नावाने किंकाळी फोडली जाते तो काका अंथरुणात मेला. भुताला अडून बसण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

अशीच एक काका-पुतण्यांची कथा लंडनच्या टॉवरमध्ये आहे. १४८३ साली बारा वर्षांचा पाचवा एडवर्ड आणि त्याचा नऊ वर्षांचा भाऊ रिचर्ड त्या किल्ल्यात ठेवले गेले, चुलता तिसरा रिचर्ड म्हणून राजा झाला, आणि मुले पुन्हा कोणाला दिसली नाहीत. १६७४ साली एका जिन्याखाली मुलांची हाडे सापडली आणि ती वेस्टमिन्स्टर ॲबेत ठेवली गेली. तेथेही दोन लहान आकृती हात धरून फिरताना दिसतात, असे पर्यटकांना सांगितले जाते. पुणे आणि लंडन यांनी एकमेकांची नक्कल केलेली नाही. विश्वासाच्या माणसाने घात केला, मरणारा कोवळ्या वयाचा होता आणि न्याय अर्धवट राहिला, की लोक सारखीच गोष्ट रचतात.

पण सर्वच कोवळ्या मृत्यूंची नाही. आणि येथे हॅलोविनला वाड्यावर जाणाऱ्यांसाठी एक तारीख आहे, जी त्यांच्या यादीत नसते.

नारायणराव मारले गेले तेव्हा त्यांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर मुलगा झाला, तो सवाई माधवराव. पाळण्यातच पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि कारभार नाना फडणवीसांच्या हाती राहिला. वाड्यातले हजारी कारंजे या बालपेशव्याच्या हौसेसाठी उभारल्याचे सांगतात. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला निजामाचा पराभव झाला. त्यानंतर साडेसात महिन्यांनी, २५ ऑक्टोबरला, दसरा होऊन दोन-तीन दिवस झाले असताना, तापाने आजारी असलेला हा एकवीस वर्षांचा पेशवा वाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली पडला. २७ तारखेला तो मरण पावला. ग्रँट डफने ही आत्महत्या मानली. नानांच्या जाचाला कंटाळून त्याने उडी घेतली, असे त्याचे म्हणणे. तापाच्या भ्रमात तोल गेला, असे इतरांचे. दोन्ही बाजूंनी लिहिणे आजही संपलेले नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीचा शनिवारवाड्यातला खरा मृत्यू हा आहे. त्या दिवसांत हिरवळीवर उभे राहून लोक बापाच्या आवाजाची वाट पाहतात. मुलाचा आवाज कोणी ऐकत नाही. कारण सरळ आहे. त्याच्या गोष्टीत खुनी नाही. ज्याच्याकडे बोट दाखवावे असा माणूस नसेल तर लोक शोक करतात, भूत उभे करीत नाहीत.

३० ऑगस्टच्या त्या दुपारी मेलेल्यांचा आकडा अकरा सांगितला जातो. त्यांत दोन दासी होत्या. एक गायही कापली गेली. अकरांपैकी एकाचेच भूत झाले. चापाजीचेही नाही, ज्याचे शेवटचे कृत्य या सगळ्या प्रकरणात एकमेव शुद्ध म्हणता येईल असे होते. दासींना तर दंतकथेत नावेही नाहीत.

आता मोशीकडे परत फिरून नदी ओलांडावी.

चाकण हे आज मोटारींचे, कांद्याचे आणि वाहतूककोंडीचे नाव आहे. गावातल्या गल्ल्यांमधून गेले की एका बाजूला तटाचे अवशेष, बुरूज आणि खंदकाचा काही भाग दिसतो. प्रथमच जाणाऱ्याची बहुधा निराशा होते. डोंगर नाही, कडा नाही, ‘फोटो’ नाही. पण देशावरून कोकणात उतरणाऱ्या वाटांवर नजर ठेवण्यासाठी हे ठाणे मोलाचे होते आणि म्हणूनच येथे माणसे मरत राहिली.

१६६० चा वेढा अनेकांना ठाऊक आहे. शाइस्ताखान २१ जूनच्या सुमारास चाकणपुढे आला. किल्ल्यात फिरंगोजी नरसाळा आणि तीन-साडेतीनशे माणसे होती. ऐन पावसाळ्यात पन्नासहून अधिक दिवस त्यांनी किल्ला धरला. शेवटी मोगलांनी सुरुंग खणून १४ ऑगस्टला बुरूज उडवला. मोगलांच्या बाजूचे २६८ ठार आणि ६०० जखमी झाल्याचा आकडा मिळतो. किल्ला देऊन फिरंगोजी बाहेर पडला, खानाने देऊ केलेली नोकरी त्याने नाकारली. ही शौर्याची गोष्ट आहे आणि ती पोवाड्याच्या वळणाने सांगितली जाते. शौर्याच्या गोष्टीत मेलेले वीर होतात. पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत देवळापाशी वीरगळ उभे असतात. खाली लढाई, मधे त्या वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच माणूस. त्या दगडाने मेलेल्याची जागा ठरवून दिलेली असते. भटकण्याचे कारणच उरत नाही.

दुसरी गोष्ट त्याच्या दोनशे वर्षे आधीची, आणि ती चाकणमध्येही फार थोड्यांना ठाऊक असावी. पंधराव्या शतकाच्या मध्याला येथे बहमनी ठाणे होते. सरदार खलफ हसन, ‘मलिक-उत्-तुज्जार’ या किताबाने ओळखला जाणारा, कोकण जिंकण्यासाठी येथूनच उतरला. शिर्क्यांनी वाटाड्या होऊन त्याला खेळण्याच्या, म्हणजे आजच्या विशाळगडाच्या, रानात नेले आणि तेथे त्याचा व त्याच्या फौजेचा निकाल लागला. वाचलेल्यांत दोन तट होते. एक दखनी, दुसरा इराण-अरबस्तानातून आलेल्यांचा, ज्यांना ‘आफाकी’ म्हणत. बहमनी दरबार या वैराने पोखरलेलाच होता. आफाकी चाकणला येऊन थांबले. दखनी सरदारांनी बीदरला कळवले की हे लोक बंड करणार आहेत. सुलतानाने ते खरे मानले.

फरिश्ता सांगतो ते असे. चाकणला दोन महिने वेढा पडला. किल्ला हाती येईना तेव्हा दखनी सरदारांनी शपथा घेऊन अभय दिले आणि त्यांना मेजवानीला बोलावले. माणसे जेवायला बसली आणि खुणेसरशी शस्त्रधारी आत शिरले. फरिश्त्याच्या आकड्यानुसार १२०० सय्यद आणि सुमारे हजार इतर परदेशी मारले गेले. मुलेही सुटली नाहीत.

फरिश्ता हा आकडा घटनेनंतर दीडशे वर्षांनी देतो आणि तो स्वतः इराणातून आलेला, म्हणजे मेलेल्यांच्या पक्षाचा. आकडा त्यामुळे जपून घ्यावा. निम्मा धरला तरी मोशीपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर, शपथ मोडून, ताटावर बसलेल्या हजारभर माणसांची ती कत्तल होते. विश्वासघात आहे, निरपराध आहेत, मुले आहेत, शेवटचा घास अर्धवट राहिलेला आहे. भूत होण्याच्या सगळ्या अटी येथे शनिवारवाड्यापेक्षा काकणभर जास्तच पूर्ण होतात. खवीस हा शब्दसुद्धा भाषेत तयार आहे. तरीही चाकणच्या तटावरून रात्री किंकाळी येते, अशी प्रसिद्ध दंतकथा नाही.

याचे कारण भुतांच्या नियमात शोधून सापडणार नाही, ते सांगणाऱ्यांत आहे. नारायणरावांचा आवाज ऐकणारे शहर होते. गंगाबाई होत्या, त्यांचा मुलगा गादीवर बसला, न्यायाधीश होता, बखरकार होते, नाटककार झाले. पुण्याच्या मनाला त्या खुनाची टोचणी होती, कारण मारणाराही घरचा आणि मरणाराही घरचा. चाकणला मेले ते येथल्या कोणाचेच नव्हते. त्यांची भाषा गावाला येत नव्हती, त्यांचे कोणी येथे मागे राहिले नाही, आणि मारणारेही पुढे निघून गेले. गावाच्या दृष्टीने ती परक्यांनी परक्यांची केलेली कत्तल होती. गावात वर्षश्राद्ध घालणारे कोणी नसेल तर भूत तरी कोणाच्या स्वप्नात येणार?

उलट टोकाचे उदाहरण मोशीच्या नदीवरच आहे. मोशीखाली इंद्रायणी आळंदीला जाते. तेथे १२९६ साली एका तरुणाने घेतलेल्या समाधीला लोक आजही मृत्यू म्हणत नाहीत. आणखी खाली ती तुळापूरला भीमेला मिळते. १६८९ च्या मार्चमध्ये संभाजी महाराजांना हालहाल करून मारले गेले तो हा परिसर. तेथे लोक अनवाणी जातात, कोणी रात्री भूत पाहायला जात नाही. एवढी माणसे आठवण काढत असतील तर मेलेल्याला ओरडावे लागत नाही.

तेव्हा ज्यांना या आठवड्यात जायचेच आहे त्यांनी शनिवारवाड्यावर जरूर जावे, पण दुपारी जावे. एक वाजण्याच्या सुमारास जोत्यांमधून चालत नारायण दरवाजापर्यंत जावे. नारायणरावांचा देह याच वाटेने बाहेर नेला, म्हणून दरवाजाला हे नाव पडले, असे सांगतात. तारीख २५ किंवा २७ ऑक्टोबर साधली तर उत्तम.

आणि दुसऱ्या दिवशी चाकण. खंदकात उतरण्याजोगी जागा पाहावी, पण तटावर चढू नये, दगड सुटलेले आहेत. आत आजही लोक राहतात, त्यांच्या दारात मोठ्याने हसू नये, रात्री तर जाऊच नये. उत्तरेला कंपन्यांच्या पाळ्या बदलण्याची वेळ झाली की बसगाड्यांची रांग लागते. बिहार, ओडिशा, मराठवाडा, विदर्भ असे सगळीकडचे तरुण त्यांतून उतरतात आणि किल्ल्याच्या आसपासच्या खोल्यांवर जातात. या ठाण्यात परक्या मुलखातून पोटासाठी आलेली माणसे आजही आहेतच.

त्या मेजवानीच्या दिवशी कासिम बेग नावाचा एक सरदार सुमारे तीनशे जणांसह किल्ल्याबाहेर, थोड्या अंतरावर तळ देऊन होता. आतला प्रकार कळताच ते घोड्यांवर बसले. पाठलाग झाला, वाटेत पुन्हा गाठले गेले, तरी त्यांतले काही बीदरला पोहोचले आणि त्यांनी सुलतानाला खरे काय घडले ते सांगितले. सुलतानाने मग दोषी सरदारांना शिक्षा केली. चाकणची हकीकत फरिश्त्यापर्यंत आली ती अशा वाचलेल्यांमुळे.